हँड सर्जरीच्या सरावासाठी तयार सिलिकॉनचा हात घ्यावा, की बोकडाचे पाय पुरतील?

कुट्टी_नाइट_ड्यूटी

नमस्कार. मी ऑर्थोचा दुसऱ्या वर्षाचा रेसिडेंट, सोलापुरात. आमच्याकडं हाताच्या दुखापती कुठल्या येतात ते इथल्या लोकांना सांगायला नको. कडबा कुट्टी, पॉवरलूमचा गिअर, रसवंतीचा चरक, ऊसतोडीच्या दिवसांत कोयता आणि संक्रांतीच्या आसपास मांजा. असिस्ट करायला भरपूर मिळतं, पण असिस्ट करताना माझ्या हातात जखम उघडी धरायचा रिट्रॅक्टर असतो आणि डोळ्यांपुढं सरांचं डोकं. झोन २ मधला (बोटाच्या अरुंद बोगद्यातला) फ्लेक्झर टेंडन, म्हणजे बोट वाकवणारी स्नायूची दोरी, माझा मी शिवेन, तेव्हा माझा पहिलावहिला टाका कुणा विणकराच्या बोटात पडू नये, एवढंच वाटतं.

सरांनी आम्हा दोघा-तिघांना सरावाचं टेबल उभं करायला सांगितलंय. एक खोली, एक कपाट आणि थोडे पैसे मिळालेत. एका कंपनीचं कोटेशन आलंय, लाखाच्या पुढचं. हात फार सुंदर आहे. त्वचा, चरबी, टेंडन, नर्व्ह सगळं सिलिकॉनचं, नखंसुद्धा खरी वाटतात. बोट एकदा कापलं की बदली बोट वेगळं विकत घ्यायचं. सिनियर म्हणतोय, त्यापेक्षा मटणाच्या दुकानातून पाय आण. टेंडन, के-वायर (मोडलेलं हाड धरायची तार) आणि जमलं तर थोडी मायक्रो, म्हणजे दुर्बिणीखाली बारीक रक्तवाहिन्या जोडणं, एवढं शिकायचंय. ज्यांनी असं टेबल चालवलंय त्यांनी सांगावं.

---

दुर्बीण_मॅडम

नखं बघून मॉडेल घेऊ नकोस, आधी हे सांगते. मी प्लास्टिक सर्जन. सोलापुरातच प्रॅक्टिस करते आणि गेली बरीच वर्षं पोरांना हाताचं काम शिकवतेय. माझ्या टेबलावर महागाची मॉडेलं येऊन गेलीत, मटणाच्या पिशव्याही येऊन गेल्यात. हाताचं मॉडेल घेताना मी एकच गोष्ट तपासते: काम चुकलं तर हे मॉडेल मला नापास करू शकतं का? दिसायला हुबेहूब असलेली बरीच मॉडेलं सगळ्यांना पास करतात.

सिलिकॉनच्या टेंडनचंच बघ. त्यात टाका कसाही घाल, तो धरतोच, कारण सिलिकॉन सगळ्या दिशांनी सारखंच. खऱ्या टेंडनचे तंतू लांबीच्या दिशेने जातात. साधा टाका घालून ओढलास की तो तंतूंच्या मधून सुरीसारखा सरकत बाहेर येतो. म्हणून तर केसलर पद्धतीच्या शिवणीत टाका आडवा नेऊन कोपऱ्यात अडकवावा लागतो. सिलिकॉनवर शिकलेल्या पोराला तो कोपरा का घ्यायचा हे कधी कळतच नाही, कारण न घेताही त्याचं काम टिकलेलं असतं.

म्हणून टेंडनसाठी बोकडाचा पाय, तोही पुढचा. दुकानदाराला आधीच सांग: न भाजलेला, न तोडलेला, कातडीसकट. आपल्याकडं पाया रश्शासाठी जातो, म्हणून तो भाजूनच देतात. भाजलेल्या पायातला टेंडन उष्णतेने आक्रसलेला असतो, सुई आत गेली की चुरा होतो. रविवारी आणि बुधवारी दुकानदाराला तुझ्याशी बोलायला वेळ नसतो. इतर दिवशी सकाळी जा.

पायाच्या मागच्या बाजूने कातडी उघडलीस की वरवरचा आणि खोलचा असे दोन फ्लेक्झर दिसतील. खुराच्या वरच्या सांध्यापाशी वरवरच्या टेंडनची नळी होते आणि खोलचा त्यातून आरपार जातो. आपल्या बोटात वरवरचा (सुपरफिशियालिस) दुभंगतो आणि खोलचा (प्रोफंडस) मधून पुढं जातो, जवळपास तीच रचना. त्यावरून आडवा पट्टा गेलेला असतो, तो तुझी पुली, टेंडनला हाडालगत धरणारी. खोलचा टेंडन नेमका तिथंच काप. हँड सर्जन बनेलने बोटातल्या ज्या भागाला 'नो मॅन्स लँड' म्हटलं, त्याची अडचण तिथं कळते. जागा नाही, दोन टेंडन एकाच बोगद्यात, आणि टाका थोडा जाड झाला की सगळं अडकतं.

मेलेल्या पायात स्नायू टेंडनला मागं ओढत नाही, म्हणून पार्टनरला वरचं टोक ओढून आत दडवायला सांग. मग ते टोक इन्फंट फीडिंग ट्यूब (बाळाला दूध द्यायची बारीक नळी) घालून पुलीखालून परत आणायचं. फोर्सेप्सने पुन्हा पुन्हा चिमटा काढून आणलंस तर टोकाची कुंचली होते आणि पुढचं सगळं बिघडतं. इथंच पोरांचा सगळ्यात जास्त वेळ जातो, आणि जावा. ऑपरेशन थिएटरमध्ये (ओटीत) याच टप्प्याला टूर्निकेची, म्हणजे रक्त थांबवायला बांधलेल्या पट्ट्याची, वेळ संपत आलेली असते.

कोअरला, म्हणजे मुख्य टाक्याला, ४-० चा धागा घे, पाय मोठा असेल तर ३-० (आकडा मोठा तितका धागा बारीक). जोडावरून धाग्याचे चार पदर, कापलेल्या टोकापासून साधारण सेंटिमीटरभर अंतरावर. मग ६-० ने कडेकडेने धावता टाका. आता परीक्षा. टेंडन वरून ओढ आणि बघ, जोड पुलीखालून जातो का. अडला तर दोन कारणं असतात: गाठ बाहेर आहे, किंवा टोकं एकमेकांवर चढून फुगलीत. बोटात अशा वेळी ए-४ पुली पूर्ण मोकळी केली किंवा ए-२ पुलीचा थोडा भाग कापला तरी चालतं, बाकीच्या पुली शाबूत असतील तर. पण कुठवर कापायचं हा अंदाज इथंच येऊ दे, पेशंटच्या बोटात नको.

त्यानंतर बॅग वजन करायचा हुकवाला काटा घे, बाजारात सहज मिळतो. एक टोक टेबलाच्या क्लॅम्पला बांध, दुसरं काट्याला, आणि हळूहळू ओढ. शेजारी पट्टी ठेव. जोडात फट पडायला सुरुवात कुठल्या वजनाला झाली ते लिही, तुटला कधी ते नंतर. तीन मिलिमीटरपेक्षा मोठी फट पडलेला टेंडन भरताना हवी तशी ताकद धरत नाही, हे प्राण्यांवरच्या प्रयोगांतून आलेलं आहे. विरोध नसताना नुसतं बोट वाकवलं तरी माणसाच्या फ्लेक्झरवर साधारण साडेतीन किलोपर्यंत ताण येऊ शकतो. बोकडाचा टेंडन जाड असतो, त्यामुळं तुझा आकडा माणसाला लावू नकोस. तुझ्या गेल्या आठवड्याच्या आकड्याशी ताडून बघ, बस.

मायक्रोसाठी कोंबडी. पण तिच्याही आधी रबरी ग्लोव्ह. तुकडा ताणून चौकटीवर लाव, चीर दे आणि ८-० ने शीव. ग्लोव्ह कुठंच दुमडला नाही, टाक्यांतली अंतरं सारखी आली, की पुढं सरक. मग कोंबडीची अख्खी मांडी. स्नायूंच्या मधल्या फटीत शिरा आणि जाडसर नर्व्ह एकत्र मिळतात. रक्तवाहिनी मिलिमीटर-दीड मिलिमीटरच्या आसपास, आपल्या बोटातल्या (डिजिटल) आर्टरीच्या बरीच जवळ जाणारी. ९-० आणि मग १०-०. जोडून झालं की कॅन्युलातून रंगीत पाणी सोड, गळतंय कुठं ते दिसेल. ते झालं की जोड लांबीने उभा चिरून आतून बघायचा. सुई मागच्या भिंतीत गेली असेल तर ती तिथं उघडी पडते. बाहेरून तोच जोड अगदी देखणा दिसत असतो. उंदरावर शिकायचं तर प्राणिप्रयोगांच्या समितीची परवानगी लागते, त्या वाटेला आत्ता जाऊ नकोस. कोंबडीवर बरंच काही होतं.

आता प्लास्टिक कुठं जिंकतं ते सांगते, नाहीतर तुला वाटेल ही बाई मटणवाल्याकडून कमिशन घेते. हाडासाठी प्लास्टिकच. बोकडाचं ते नळीचं हाड आपल्या तळहातातल्या मेटाकार्पल हाडाशी कुठंच जुळत नाही, भिंत फार जाड, के-वायर घसरते. फोमची हाडं घ्या. नाहीतर एखाद्या इंजिनिअरिंग कॉलेजातल्या पोरांना गाठा आणि ओळख काढून टाकलेल्या सीटी स्कॅनवरून हाडं छापून घ्या. साधं पीएलए प्लास्टिक ड्रिलच्या उष्णतेने वितळून वायरला चिकटतं, म्हणून ड्रिल हळू चालवायचं आणि मधेमधे थांबायचं. ही सवय खऱ्या हाडातही कामाची, तिथं उष्णतेने हाडच जळतं.

सी-आर्म (ओटीतलं एक्स-रे यंत्र) मिळणार नाही, मिळाला तरी सरावासाठी रेडिएशन कशाला खायचं? एक खोका घ्या, दोन बाजूंना काटकोनात दोन जुने मोबाइल, आणि समोर एकेक दिवा. हाड आत, तुमचे हात आत, वरून कापड. मोबाइलच्या स्क्रीनवर जे दिसेल त्यावरच वायर घालायची. एका मोबाइलवर वायर अगदी मधोमध दिसते आणि दुसऱ्यावर हाडाच्या पार बाहेर, हे एकदा घडलं की बाजूने घेतलेला (लॅटरल) व्ह्यू कशाला हवा, हे कुणी शिकवावं लागत नाही.

मनगटाच्या व्होलर (तळव्याकडच्या बाजूने बसवायच्या) प्लेटलाही फोमचं हाड उत्तम. सगळे स्क्रू घातले की हाड उलटं करून मागची बाजू बोटाने चाचप. टोक लागलं तर तिथं खऱ्या हातात बोट सरळ करणारा एक्स्टेन्सर टेंडन घासून घासून तुटला असता. पेशंटचं मनगट असं उलटं करून चाचपता येत नाही.

कार्पल टनेलच्या (मनगटातल्या बोगद्याच्या) इंजेक्शनला आणि हात बधिर करायच्या ब्लॉकला मात्र तो सिलिकॉनचा हात बरा. तेवढ्यासाठी लाख घालवायचे का, ते तुमचे सर ठरवतील.

आणि कुट्टीचा हात कुठलंच मॉडेल देत नाही. टेंडन कापलेला नसतो, चिरडलेला आणि उपटलेला असतो. कातडी पहिल्या दिवशी गुलाबी दिसते आणि तिसऱ्या दिवशी काळी पडते. कापायचं किती आणि ठेवायचं किती, हे सरांच्या शेजारी उभं राहूनच शिकायचं. रिट्रॅक्टर धरायला कंटाळू नकोस.

---

स्प्लिंटवाली

मॅडमनी सगळं सांगितलंय, फक्त टाके घातल्यानंतरचं राहिलं. मी फिजिओ. हाताचे पेशंट आमच्याकडं येतात तेव्हा सर्जनचं काम संपलेलं असतं आणि आमचं सुरू होतं, म्हणून थोडं चिडूनच लिहितेय.

तुमच्या टेबलावर स्प्लिंटही (हात आधाराने धरून ठेवणारी पट्टी) ठेवा. रेसिडेंटला मी विचारते, "किती पदरी शिवलंय?" तर उत्तर येतं, "नीट शिवलंय." अहो, दोन पदरी असेल तर मी बोट वेगळ्या प्रकारे हलवणार, चार पदरी असेल आणि जोड पुलीखालून सरकताना बघितला असेल तर पहिल्याच आठवड्यात हळूहळू अर्धी मूठ करायला लावणार. न हलवता ठेवलं तर टेंडन आजूबाजूला चिकटतो. जास्त हलवलं तर तुटतो. ऑपरेशनच्या नोटमध्ये ही एक ओळ लिहायची सवय सरावाच्या टेबलावरच लावा. पाय शिवून झाला की नोट लिहायची: किती पदर, पुली कुठली मोकळी केली, ओढल्यावर अडला का.

दुसरं, पेशंटला समजावण्याचाही सराव करा. एकाने पेशंट व्हायचं. आमचा माणूस लूमवर आठवड्याच्या पगारावर असतो, तो चौथ्या दिवशी स्प्लिंट काढून कामाला जाऊन बसतो. त्याला "हात हलवू नका" म्हणून भागत नाही. किती हलवायचं, कशाने तुटेल आणि तुटलं तर पुढं काय, हे त्याच्या भाषेत दोन मिनिटांत सांगता यायला हवं. इथं अर्ध्या पेशंटांशी तेलुगू नाहीतर कन्नड बोलावं लागतं, ते वेगळंच.

तुमच्याकडं वॅलंट करतात का? म्हणजे टूर्निके न बांधता, फक्त बधिर करायला आणि रक्त कमी यायला लिग्नोकेन-अ‍ॅड्रेनलिन टोचून, पेशंट जागा ठेवून. कॅनडाच्या डॉ. डोनाल्ड लालॉन्ड यांनी ही पद्धत जगभर नेली. जोडून झालं की पेशंटलाच सांगायचं, बोट वाकवा. फट पडत असेल तर तिथंच दिसते, कातडी शिवायच्या आधी.

---

दुर्बीण_मॅडम

वॅलंटचं बरोबर. बोटात अ‍ॅड्रेनलिन चालत नाही, हे आम्हाला घोकून घोकून शिकवलं होतं, ते आता मागं पडलं. मात्र डोस मोजून. अ‍ॅड्रेनलिनसोबत लिग्नोकेनची मर्यादा किलोला ७ मिलिग्रॅम धरतात, आणि बोट पांढरं पडून तसंच राहिलं तर उलटवायला फेंटोलामीन ओटीत हाताशी हवं. रेसिडेंटने हे एकट्याने करून बघू नये.

नोटचा मुद्दा मी माझ्या टेबलावर उद्यापासून लावते.

---

टेरी_टॉवेल_अक्कलकोट_रोड

मी डॉक्टर नाही ओ. आमचा टॉवेलचा कारखाना आहे, मागं एका कामगाराच्या हातावर मॅडमसारख्याच एका डॉक्टरांनी काम केलं होतं, तेव्हापासून असले धागे वाचायलालोय. एक विचारतो, हसू नका. मॅडम म्हणल्या टेंडनचे तंतू लांबीला असतात आणि सिलिकॉन सगळीकडून सारखं. मग सूत घ्या की. मागाच्या बीमला शेवटी सुताचे तुकडे उरतात, ते आम्ही किलोवर विकून टाकतो. वीस नंबरचं दुपदरी सूत, शे-दोनशे तार एकत्र धरून पातळ सिलिकॉनमध्ये बुडवायचं आणि ताणून वाळवायचं. का म्हणलं तर टाका आडवा नाही अडकवला तर तारेतून सरकून येणार, मॅडम म्हणतात तसंच. मटण खराब होतंय, हे वर्षभर राहतंय. साइझिंगवाल्याकडं खळ लावलेलं सूत पण मिळतंय, ते जरा ताठ असतंय.

अजून एक. कामगाराचं बोट तुटून पडलं तर बर्फात टाकून आणायचं का? आमच्याकडं एकजण म्हणतो बर्फात, दुसरा म्हणतो दुधात.

---

दुर्बीण_मॅडम

दूध नको. थेट बर्फातही नको, बर्फ लागलेली कातडी आणि शिरा जळतात. बोट स्वच्छ पाण्याने अलगद धुवा, ओल्या स्वच्छ कापडात गुंडाळा, ते प्लास्टिकच्या पिशवीत घालून तोंड घट्ट बांधा आणि ती पिशवी बर्फ-पाण्याच्या डब्यात ठेवा. असं थंड ठेवलेलं बोट साधारण २४ तासांपर्यंत जोडायचा विचार करता येतो, तसंच उघडं राहिलेलं १२ तासांपर्यंत. पंजा किंवा मनगटापासून तुटलं असेल तर वेळ खूपच कमी, कारण त्यात स्नायू असतो. हातावर दाब देऊन पट्टी बांधा, दोरी करकचून आवळू नका. निघताना फोन करा, म्हणजे पुण्याला पाठवायचं की इथंच घ्यायचं हे वाटेतच ठरतं. हे छापून खात्यात लावा, कन्नड आणि तेलुगूतही.

सुताची कल्पना मला फार आवडली. खळ लावलेलं नको, ओलं झालं की चिकट होईल. साधं घ्या. सिलिकॉन इतकंच लागू द्या की तारा एकत्र राहतील, आतपर्यंत मुरलं की पुन्हा सगळ्या दिशांनी सारखं व्हायचं. जाडी चार-पाच मिलिमीटर. पुलीसाठी सलाइनच्या नळीचे कापलेले आडवे तुकडे पाटीवर चिकटवा आणि सुताचा टेंडन त्यातून ओवा. पहिले टाके शिकायला हे, आणि हात बसला की बोकड.

---

कुट्टी_नाइट_ड्यूटी

मॅडम, ताई, साहेब, तिघांचे आभार. सिलिकॉनचा हात घ्यायचा नाही असं सरांना सांगितलं, ते म्हणाले मलाही तेच वाटत होतं. मग कोटेशन कशाला मागवलं, हे विचारायचं धाडस झालं नाही.

तीन अडचणी. आमच्यातले दोघं शाकाहारी आहेत, त्यातला एक पायाला हात लावायला तयार नाही. दुसरं, उरलेल्याचं काय करायचं, वास. तिसरं, मार्क कोण देणार? सर म्हणतात मी बघतो, पण सर आम्हाला ओळखतात, कुणावर लाड आहे तेही आम्हाला माहीत आहे.

---

दुर्बीण_मॅडम

शाकाहारी पोराला सूत आणि फोमवर पूर्ण तयार कर, पायावर त्याने नुसतं बघितलं तरी चालेल. जबरदस्ती करू नका.

पाय आणल्या दिवशी वापरायचा नसेल तर सलाइनमध्ये भिजवलेल्या गॉजमध्ये गुंडाळून, पिशवीत घालून डीप फ्रीझरला. वापरायच्या आदल्या रात्री खालच्या कप्प्यात. गरम पाण्यात वितळवू नकोस. हा फ्रिज वेगळा असू दे, लस-औषधांच्या फ्रिजमध्ये ठेवलंस तर सिस्टर तुला आणि मला दोघांनाही सोडणार नाहीत. इन्स्ट्रुमेंट जुनी, ओटीतून बाद झालेली, आणि एकदा या टेबलावर आली की परत ओटीत जायची नाहीत, त्यांना रंगीत टेप लावून टाका. सुचर मुदत संपलेले चालतात, ओटीत पाकिटं पडलेली असतात, ती स्टोअरकडून लिहून घ्या. सुया शार्प्सच्या डब्यात, मांस पिवळ्या पिशवीत, त्याच दिवशी. ग्लोव्ह घालूनच, आणि सुई टोचली तर माणसाच्या सुईसारखीच नोंद करायची.

मार्कांचं सोपं आहे. वरून मोबाइल लावून फक्त हातांचं चित्रण करा, ग्लोव्ह सगळ्यांचे सारखे, आवाज बंद. फाइलला नाव नाही, नंबर. दोन जणांनी वेगवेगळं बघून गुण द्यायचे, शक्यतो एक जण दुसऱ्या युनिटचा. नुसती टप्प्यांची यादी ठेवू नका. टिश्यू कसा हाताळला, फालतू हालचाली किती, पुढचं पाऊल माहीत होतं का, असे थोडे मोघम वाटणारे निकषही ठेवा. टोरंटोच्या लोकांनी १९९० च्या दशकात सर्जनची कौशल्यं तपासायला जी ओसॅट्स पद्धत बसवली, तिच्यात हे दोन्ही होतं. आणि मार्कांच्या शेजारी काट्यावरचं वजन लिहा. त्याला लाड माहीत नसतो. वेळ मोजलीत तरी तिला मार्क देऊ नका, पोरं घाई करायला लागतात.

अक्कलकोट रोडच्या साहेबांनी बीमचे तुकडे विकायच्या आधी एक पिशवी बाजूला काढून ठेवावी, हा पोरगा येऊन घेऊन जाईल. पांढरं सूत द्या, रंगीत नको. रंगीतावर निळा सुचर दिसत नाही.

---

टेरी_टॉवेल_अक्कलकोट_रोड

पांढरंच आहे. दुपारी दोन ते चार शिफ्ट बदलते, तेव्हा येऊ नका म्हणावं. पैसे नकोत, फक्त ते बोट कसं आणायचं ते तेलुगूत लिहून कुणी देईल का? मला बोलता येतं, लिहिता येत नाही.

---

स्प्लिंटवाली

आमच्या ओपीडीतल्या मावशींच्या मुलीला येतं. मजकूर पाठवा, तिच्याकडून लिहून घेते. कन्नडचं बघावं लागेल.